पाप, गुन्हा आणि मधली भिंत

धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्यामध्ये भिंत असली पाहिजे असे म्हणणाऱ्या माणसाला धर्माचेच वावडे असणार, असे पुष्कळांना वाटते. आणि मी उघडपणे नास्तिक असल्यामुळे माझ्याविषयी तर ते चटकन खरे मानले जाते. अमेरिकेतील या भिंतीचा इतिहास मात्र वेगळेच काही सांगतो. ती मागणारे पहिले लोक देवाला मनापासून मानणारे होते आणि राज्यकर्त्यांचा हात लागला की श्रद्धा नासते, अशी त्यांची खात्री होती. रॉजर विल्यम्स हा प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या इंग्रज प्रोटेस्टंट पंथाचा, धर्मोपदेशक त्यांपैकीच एक. माणूस आणि ईश्वर यांच्यातील नात्यात दंडाधिकाऱ्याने पडू नये, हे आणि असे आणखी काही तो बोलू लागला, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा सुनावली. पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्सची वस्ती वसवली आणि १६४४ मध्ये चर्चची बाग व जगाचे रान यांच्यामधल्या कुंपणाविषयी, भिंतीविषयी लिहिले. त्या भिंतीला खिंडार पडले की बागेचे रान होते, असे त्याचे म्हणणे होते. त्याला काळजी होती ती बागेची.

दीडशे वर्षांनंतर कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी ऑक्टोबर १८०१ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना पत्र पाठवले. कनेक्टिकटमध्ये तेव्हा काँग्रिगेशनल चर्च हे राजमान्य चर्च होते, आणि इतर पंथीयांना त्याच्या करातून सूट हवी असेल तर तसा दाखला सादर करावा लागे. आम्हांला जे धार्मिक स्वातंत्र्य लाभते ते मेहरबानी म्हणून लाभते, जन्मसिद्ध हक्क म्हणून नव्हे, अशी या पत्रातील तक्रार होती. १ जानेवारी १८०२ रोजी जेफरसन यांनी दिलेल्या उत्तरात चर्च आणि राज्य यांच्यामधील भिंतीचा तो प्रसिद्ध उल्लेख आहे. त्याच दिवशी जॉन लेलँड हा बाप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गावच्या लोकांनी बनवलेली १२३५ पौंडांची चीजची प्रचंड चकती घेऊन अध्यक्षांच्या भेटीला आला होता, आणि लगेचच्या रविवारी त्याने प्रतिनिधिगृहात प्रवचन केले, तेही जेफरसन यांच्या उपस्थितीत. भिंत वगैरे काही नव्हतेच, असे म्हणणारे लोक आजही या प्रवचनाचा दाखला देतात. मला त्यातून एवढेच दिसते की भिंतीचे काम तेव्हा नुकतेच कुठे सुरू झाले होते आणि ते करणाऱ्यांनाही ती कोठवर न्यायची हे ठाऊक नव्हते.

मेहरबानी आणि हक्क यांतील तो फरक मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ज्याला मेहरबानीवर जगावे लागते त्याला कोणी मारहाण करत नसेल, तुरुंगात टाकत नसेल, तरीही त्याला सतत देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे लागते. डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी हे अनुभवले होते. नास्तिकांनी ते अनुभवले. आणि समलिंगी स्त्रीपुरुषांनी, अविवाहित मातांनी, गर्भनिरोधके मागणाऱ्या विवाहित स्त्रियांनी तर ते फार दीर्घकाळ अनुभवले. म्हणूनच नास्तिकाने ख्रिस्ती धर्माकडे, लैंगिकतेकडे आणि राज्यसंस्थेकडे पाहताना हे तीन वेगळे विषय मानू नयेत, असे मला वाटते. राज्याने माणसाच्या मनात डोकावू नये, हे मान्य झाल्यानंतर त्याने माणसाच्या शय्यागृहात डोकावू नये, हे मान्य व्हायला अमेरिकेत सुमारे दोनशे वर्षे का लागली, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ एकाच कागदपत्रांच्या गठ्ठ्यात सापडते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनियाचे कायदे नव्याने रचण्यासाठी नेमलेल्या समितीने १७७९ मध्ये १२६ विधेयके सादर केली. त्यांतील ८२ क्रमांकाचे विधेयक जेफरसन यांचे धार्मिक स्वातंत्र्याविषयीचे होते, जे पुढे जेम्स मॅडिसन यांच्या खटपटीने १७८६ मध्ये संमत झाले आणि ज्याचा अभिमान जेफरसन यांनी आयुष्यभर बाळगला. ६४ क्रमांकाचे विधेयकही जेफरसन यांचेच, गुन्हे आणि शिक्षा यांचे प्रमाण ठरवणारे. त्यात बलात्कार, बहुपत्नीत्व आणि समलिंगी संभोग यांना एका ओळीत बसवले होते आणि शिक्षा सांगितली होती ती अशी की पुरुषाचे खच्चीकरण करावे, आणि स्त्री असेल तर तिच्या नाकाच्या कूर्चेला निदान अर्धा इंच व्यासाचे भोक पाडावे. प्रचलित कायद्यातील देहदंडाच्या मानाने ही सौम्य सुधारणा होती, हेही सांगितले पाहिजे. ते विधेयक संमत झाले नाही. पण शेजाऱ्याने वीस देव मानले काय किंवा एकही मानला नाही काय, त्यात माझे काही नुकसान नाही, असे लिहिणाऱ्या माणसाला तोच न्याय शेजाऱ्याच्या देहाला लावावासा वाटला नाही, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. मनाभोवती भिंत बांधली गेली आणि देह भिंतीबाहेर राहिला.

देह बाहेर राहिला, कारण तो फार पूर्वीच राज्याच्या ताब्यात देऊन झाला होता. इंग्लंडमध्ये १५३३ पर्यंत समलिंगी संभोगासारख्या कृत्यांचा निवाडा हा धर्मन्यायालयांचा विषय होता. आठव्या हेन्रीच्या संसदेने त्या वर्षी कायदा करून तो राजाच्या न्यायालयांकडे आणला आणि फाशीची शिक्षा ठेवली. पुढच्याच वर्षी हेन्री चर्चचाही प्रमुख झाला. पाप होते ते गुन्हा झाले, आणि पश्चात्तापाची जागा फासाने घेतली. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६४१ मध्ये जी कायदेसंहिता केली तिच्यातील देहदंडाच्या कलमांना तर बायबलमधील अध्याय आणि ओव्यांचे आधार जोडलेले आहेत. त्या यादीतील पहिला गुन्हा दुसऱ्या देवाची पूजा हा आहे. जादूटोणा, ईश्वरनिंदा, समलिंगी संभोग, व्यभिचार हे सगळे त्याच यादीत आहेत. चुकीची श्रद्धा आणि चुकीची शय्या या दोन्हींसाठी एकच फास होता. नंतरच्या पिढ्यांनी यादीतील वरची कलमे लाजून पुसून टाकली आणि खालची काही कलमे तशीच राहू दिली, इतकेच नव्हे तर ती धर्माची नसून निसर्गाची आहेत, असे सांगायला सुरुवात केली.

ख्रिस्ती धर्माच्या लैंगिक नीतीविषयी बोलताना नास्तिकाने न्याय सोडू नये, असे मला वाटते. रोमन जगात स्वतंत्र पुरुषाला आपल्या गुलामांच्या देहावर जवळजवळ अमर्याद सत्ता होती आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पत्नीने जितके एकनिष्ठ राहायचे तितकेच पतीनेही राहायचे, ही ख्रिस्ती मागणी त्या जगात खरोखर नवी आणि धाडसाची होती. योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट, जिथे निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा असे येशू म्हणतो, ती सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही आणि नंतर घातलेली असावी, असे अभ्यासक सांगतात. ज्याने कोणी ती घातली त्याच्याविषयी मला आदर वाटतो. दगड हाती घेतलेल्या जमावाला घरी पाठवणारी ती कथा पुढे चर्चच्या हाती दंडशक्ती आल्यावर किती थोड्या लोकांना आठवली, ही वेगळी गोष्ट.

पण त्याच धर्मात पौल या आद्य धर्मप्रचारकाचे वचनही आहे की वासनेने जळण्यापेक्षा लग्न करणे बरे. म्हणजे विवाह हा आगीवरचा उपाय. आणि पाचव्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने तर कामवासनेलाच मूळ पापाच्या संक्रमणाशी जोडले. इच्छेच्या आज्ञेवाचून देह चाळवतो यात त्याला मानवाच्या पतनाची खूण दिसली. एका तीव्र बुद्धीच्या, स्वतःच्या आठवणींनी पोळलेल्या माणसाचे हे चिंतन आहे, आणि चिंतन म्हणून मी ते आजही आस्थेने वाचतो. अडचण एवढीच की एका माणसाचा आपल्या देहाशी चाललेला झगडा कोट्यवधी लोकांसाठी देहाची व्याख्या होऊन बसला.

शिवाय, कायद्यात उतरवताना धर्मवचनांची निवड कशी होते हेही पाहण्यासारखे आहे. शुभवर्तमानांतील येशू समलिंगी संबंधांविषयी एक अक्षर बोलत नाही. घटस्फोटाविषयी मात्र तो अगदी स्पष्ट आणि कठोर बोलतो. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही केली. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, जेरी फॉलवेल या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी राहिली, तिने समलिंगी हक्कांविरुद्ध रान उठवले आणि १९८० च्या निवडणुकीत रेगन यांच्यासाठी प्रचार केला. रेगन यांनी केला तो कायदा मला योग्यच वाटतो. पण जिथे धर्मग्रंथ स्पष्ट बोलतो तिथे बहुसंख्याकांनी स्वतःला सवलत घ्यायची, आणि जिथे धर्मसंस्थापक काही बोलत नाही तिथे अल्पसंख्याकांवर कायद्याचा बडगा उगारायचा, याला धर्मनिष्ठा म्हणणे कठीण आहे. १९७१ मध्ये सदर्न बाप्टिस्ट या चर्चच्या अधिवेशनाने बलात्कार, गर्भातील गंभीर दोष, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताची मुभा देणारे कायदे व्हावेत, असा ठराव केला होता, हे आज त्या चर्चच्या पुष्कळ सभासदांना सांगूनही खरे वाटणार नाही. राजकारणाच्या जवळ गेल्यावर धर्ममत किती लवकर बदलते, याची काळजी खरे तर श्रद्धावंतांनाच अधिक वाटायला हवी.

एकोणिसाव्या शतकात मनाभोवतीची भिंत देहापर्यंत नेण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत नास्तिक आणि स्वतंत्र विचारवंत मोठ्या संख्येने होते. चार्ल्स नोल्टन या मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टरने संततिनियमनावर १८३२ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यापायी तीन महिने सक्तमजुरी भोगली. तीच पुस्तिका १८७७ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी पुन्हा छापली, स्वतःहून पोलिसांना कळवून विकली आणि खटला ओढवून घेतला. ब्रॅडलॉ हे इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध नास्तिक. बेझंट या एका पाद्र्याच्या विभक्त पत्नी, आणि थिऑसफी या गूढवादी विचाराकडे वळण्यापूर्वीच्या त्या काळात उघड नास्तिक. जगाला ठाऊक असलेल्या त्यांच्या पुढच्या आयुष्यामागे हा काळ झाकला गेला आहे. दोघांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्दही झाली. खटल्यापूर्वी वर्षाला हजारभर प्रती खपणारी ती पुस्तिका नंतर लाखाच्या वर खपली.

विजयाची ही बाजू सांगितली जाते. दुसरी बाजू अशी की १८७८ मध्ये बेझंट यांच्या पतीने त्यांची लहान मुलगी मेबल हिचा ताबा मागितला आणि न्यायाधीश जॉर्ज जेसेल यांनी तो दिला. त्या निर्णयामागे दोन गोष्टी होत्या: आई मुलीला धर्मशिक्षण देत नाही, आणि आईने ती पुस्तिका प्रकाशित केली. पहिलीमुळे तिची श्रद्धा तपासली गेली, दुसरीमुळे तिचे शील. ईश्वर न मानणारी स्त्री आणि संततिनियमनाविषयी बोलणारी स्त्री या न्यायालयाच्या दृष्टीने एकच होत्या, आणि अशा स्त्रीजवळ मुलगी वाढू देणे योग्य नव्हते. माझ्या मनातील प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला कुठे मिळालेले नाही. श्रद्धा तपासणारा आणि शील तपासणारा हे दोन वेगळे अधिकारी कधीच नव्हते.

अमेरिकेत याच काळात अँथनी कॉमस्टॉक हा धर्मनिष्ठ माणूस १८७३ च्या संघराज्यीय कायद्याच्या बळावर लोकांचे टपाल तपासत होता. हा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. अश्लील साहित्याबरोबर गर्भनिरोधके आणि त्यांची माहितीही टपालाने पाठवणे त्याखाली गुन्हा ठरले होते. डी. एम. बेनेट हे नास्तिक संपादक विवाहसंस्थेवर टीका करणारी एक पुस्तिका टपालाने पाठवल्याबद्दल १८७९ मध्ये, साठीच्या घरात, तेरा महिन्यांसाठी तुरुंगात गेले. पण नास्तिकांचीही यात एकजूट नव्हती. कॉमस्टॉक कायदा सर्वस्वी रद्द करावा की त्यात केवळ दुरुस्ती करावी, यावरून नॅशनल लिबरल लीग ही स्वतंत्र विचारवंतांची संघटना फुटली, आणि त्या काळचे थोर अज्ञेयवादी वक्ते रॉबर्ट इंगरसॉल हे दुरुस्तीच्या बाजूचे होते. आम्हांला कोणी अश्लीलतेचे पाठीराखे म्हणू नये, ही भीती त्यामागे होती. बायबलची चिकित्सा निर्भयपणे करणाऱ्यांनाही देहाचा विषय आला की प्रतिष्ठेची काळजी वाटू लागते. आजच्या नास्तिकांतही मला ही भीती दिसते, आणि तिच्याविषयी मला सहानुभूती असली तरी ती मला पटत नाही.

विसाव्या शतकात भिंतीचे काम न्यायालयांत झाले, आणि दोन्ही बाजूंनी झाले. व्हॅश्टी मॅकॉलम या बाईंनी इलिनॉयमधील शॅम्पेन गावच्या सरकारी शाळेत, शाळेच्याच वेळात चालणाऱ्या धर्मशिक्षणाच्या तासाला आक्षेप घेतला. त्यांच्या मुलाला, जेम्सला, त्या तासाला न बसल्याबद्दल वर्गाबाहेर एकटे बसवले जाई. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९६१ मध्ये रॉय टॉर्कासो यांचा खटला झाला. मेरीलँडमध्ये नोटरी होण्यासाठी ईश्वरावर श्रद्धा असल्याचे घोषित करावे लागे, आणि त्यांनी ते नाकारले होते. न्यायालयाने एकमताने ती अट घटनाबाह्य ठरवली. टेक्सस, टेनेसी, अर्कान्सस अशा काही राज्यांच्या घटनांत नास्तिकाला पद नाकारणारी कलमे आजही छापलेली आहेत, जरी ती अमलात आणता येत नाहीत.

मनाच्या बाजूला हे चालले असताना देहाच्या बाजूला काय चालले होते? कनेक्टिकटमध्ये, त्याच डॅनबरीच्या कनेक्टिकटमध्ये, १८७९ च्या कायद्याने विवाहित जोडप्यालाही गर्भनिरोधक वापरणे गुन्हा होता, आणि तो कायदा १९६५ पर्यंत टिकला. व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या गोऱ्या-काळ्या जोडप्याला लग्न केल्याबद्दल शिक्षा झाली, आणि तेथील न्यायाधीशाने लिहिले की सर्वशक्तिमान ईश्वरानेच वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले होते, तेव्हा ते मिसळावेत असा त्याचा हेतू नव्हता. तो निकाल १९६७ मध्ये एकमताने फिरवला गेला.

मग १९८६ चा बॉवर्स विरुद्ध हार्डविक हा खटला येतो. अटलांटामध्ये एक पोलीस किरकोळ प्रकरणातील वॉरंट घेऊन मायकेल हार्डविक यांच्या घरी गेला, पाहुण्याने त्याला आत घेतले, आणि शय्यागृहात दोन पुरुष एकत्र दिसले म्हणून त्याने अटक केली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जॉर्जियाचा कायदा वैध ठरवला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी आपल्या स्वतंत्र मतात अशा कृत्यांचा निषेध ज्यू-ख्रिस्ती नैतिकतेत घट्ट रुजलेला असल्याचे नमूद केले आणि आठव्या हेन्रीच्या त्या कायद्याचीही आठवण काढली. म्हणजे १५३३ मध्ये निघालेला धागा १९८६ मध्ये जगातील एका धर्मनिरपेक्ष राज्यघटनेच्या सर्वोच्च पीठावर अजून शाबूत होता. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी विरोधी मतात जे लिहिले त्याचा आशय असा की, एखादा कायदा धर्ममताशी जुळतो एवढे पुरेसे नाही, त्यापलीकडचे काही कारण राज्याला दाखवता आले पाहिजे. बहुमताच्या बाजूने मत देणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर १९९० मध्ये आपली चूक झाली असावी, असे सांगितले. २००३ मध्ये लॉरेन्स विरुद्ध टेक्सस या खटल्यात न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला घटनेचे संरक्षण मिळाले.

ब्लॅकमन यांनी सांगितलेली कसोटी मला फार साधी आणि फार कठीण वाटते. ती श्रद्धावंताला गप्प बसायला सांगत नाही. माझ्या एका ख्रिस्ती मित्राशी याविषयी माझे वर्षानुवर्षे बोलणे चालू आहे. समलिंगी संबंध हे पाप आहे, असे तो आजही मानतो, आणि हे मत त्याने माझ्यापासून लपवलेले नाही. एकदा मी त्याला विचारले, “उद्या असा कायदा पुन्हा आला तर तू पाठिंबा देशील का?” तो म्हणाला, “नाही. ज्या पापापासून माणूस पोलिसाच्या भीतीने दूर राहिला, त्यात माझ्या देवाला काय मिळाले?” रॉजर विल्यम्सही याहून वेगळे काही म्हणाला नसता. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात दंडविधानातील हे कलम काढावे म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी उमरावांच्या सभागृहात पाठिंबा दिला होता, आणि ते कृत्य पापच आहे असेही त्यांचे मत होते. पापाला पाप म्हणण्याचा मित्राचा हक्क मी अमान्य करत नाही. त्याचे मत मला चुकीचे वाटते, त्याने माणसे दुखावतात असे मी त्याला तोंडावर सांगतो, आणि तरीही ते बोलण्याच्या त्याच्या हक्कासाठी मी उभा राहीन.

नास्तिकाने हे मनापासून मानले पाहिजे, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या बाजूच्या इतिहासातले आहे. सोव्हिएत रशियाने क्रांतीनंतर झारच्या काळातील समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा टाकून दिला होता. १९३४ मध्ये स्टालिनच्या राजवटीने तो पुन्हा आणला, तुरुंगवासाच्या शिक्षेसह. ते राज्य चर्चला जुमानत नव्हते. चर्चच्या इमारती पाडत होते, पाद्र्यांना छावण्यांत धाडत होते. बायबलचा एकही आधार न घेता त्याने तेच केले जे प्युरिटनांनी अध्याय आणि ओवी देऊन केले होते. ज्या राज्याला माणसाची श्रद्धा तपासण्याचा अधिकार आहे असे वाटते, मग ती श्रद्धा असल्याबद्दल असो की नसल्याबद्दल, ते त्याची शय्याही तपासणार. म्हणून मला नास्तिक राज्य नको आहे. मला असे राज्य हवे आहे ज्याला माझ्या नास्तिकपणाशी आणि माझ्या मित्राच्या ख्रिस्तनिष्ठेशी सारखेच देणेघेणे नाही.

यातून काही कटू कर्तव्येही येतात. कोणत्याही चर्चला त्याच्या मताविरुद्ध समलिंगी जोडप्याचे लग्न लावायला राज्याने भाग पाडू नये, हे त्यांतले एक, आणि मी ते कोणतीही पळवाट न ठेवता मान्य करतो. पण केंटकीतील रोवन परगण्याच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ मध्ये ईश्वराच्या अधिकाराने विवाहाचे परवाने नाकारले, तेव्हा त्या चर्चच्या वेदीपाशी उभ्या नव्हत्या. त्या सरकारी खिडकीपाशी बसल्या होत्या आणि समोरचा माणूस करदाता नागरिक होता. त्यांना काही दिवस तुरुंगात राहावे लागले याचा मला आनंद नाही. त्यांच्या श्रद्धेची मी टिंगलही करणार नाही. ज्या टेबलावर त्यांनी परवाना अडवला ते टेबल त्यांच्या चर्चचे नव्हते, एवढाच माझा आक्षेप आहे.

२०२२ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. २४ जूनच्या डॉब्स निकालाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि त्यातील स्वतंत्र मतात न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी गर्भनिरोधके, समलिंगी संबंध आणि समलिंगी विवाह यांविषयीचे जुने निकालही फेरविचारासाठी घ्यावेत, असे लिहिले. २७ जूनचा निकाल वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमरटन येथील सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा होता, जो सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करत असे. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ती त्याची खाजगी प्रार्थना मानली आणि कोणावर सक्ती झाल्याचा पुरावा नाही, असे म्हटले.

पहिल्या निकालाविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. दुसऱ्यातील एक तपशील मात्र मला सोडत नाही. एका पालकाने शाळेला कळवले होते की आपला मुलगा नास्तिक असूनही प्रार्थनेत सामील होतो, कारण तसे केले नाही तर आपल्याला खेळायला कमी मिळेल, असे त्याला वाटते. त्या मुलाला कोणी धमकावले नव्हते, वर्गाबाहेर बसवले नव्हते. संघात कोण खेळणार हे ठरवणारा माणूस मैदानाच्या मध्यभागी गुडघ्यावर होता, आणि मुलाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काय करायचे ते ठरवले. डॅनबरीच्या बाप्टिस्टांना हा मुलगा ओळखू आला असता. त्याच मुलाला उद्या आपण समलिंगी आहोत असे उमगले, तर आपल्या प्रशिक्षकाला, शिक्षकाला, परगण्याच्या क्लार्कला काय सांगायचे आणि काय लपवायचे, हेही तो त्याच रीतीने ठरवील; आणि प्रशिक्षकाच्या प्रार्थनेच्या हक्काविषयी मला वाटणाऱ्या आदरात तसूभरही कमी न होता मी त्या मुलाच्या बाजूने आहे.